जॅक चार्लटन

जॅक चार्लटन (पूर्ण नाव: जॉन चार्लटन, ८ मे १९३५ – १० जुलै २०२०) हे इंग्लंडचे व्यावसायिक फुटबॉल खेळाडू व व्यवस्थापक होते. मध्य बचावपटू म्हणून ते संपूर्ण क्लब कारकीर्दभर लीड्स युनायटेड या एकाच क्लबकडून खेळले. १९६६ साली विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघात ते आणि त्यांचे धाकटे बंधू बॉबी चार्लटन हे दोघेही होते. १९७३ मध्ये निवृत्त झाल्यानंतर त्यांनी मिडल्सब्रो, शेफील्ड वेन्सडे आणि न्यूकासल युनायटेड या क्लबांचे व्यवस्थापन केले. १९८६ ते १९९५ या काळात ते आयर्लंड प्रजासत्ताकाच्या राष्ट्रीय संघाचे व्यवस्थापक होते. त्यापूर्वी कोणत्याही मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत न पोहोचलेला हा संघ त्यांच्या कारकिर्दीत १९८८ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेसाठी आणि १९९० व १९९४ च्या विश्वचषक स्पर्धांसाठी पात्र ठरला.

ब्रिटिश फुटबॉलमध्ये व्यवस्थापक या पदाकडे संघनिवड, डावपेच, सराव आणि बहुतांशी खेळाडूंची खरेदी-विक्री अशा सर्व जबाबदाऱ्या असत. प्रस्तुत लेखात हा शब्द याच अर्थाने वापरला आहे.

## प्रारंभिक जीवन

चार्लटन यांचा जन्म ईशान्य इंग्लंडमधील नॉर्थम्बरलँड परगण्यातील अ‍ॅशिंग्टन या कोळसा खाणींच्या गावी झाला. वडील रॉबर्ट हे खाणकामगार होते. आई एलिझाबेथ, ऊर्फ सिसी, या मिलबर्न घराण्यातील होत्या. या घराण्यात फुटबॉलची परंपरा मोठी होती. सिसी यांचे जॅक, जॉर्ज, जिमी आणि स्टॅन हे चारही भाऊ व्यावसायिक फुटबॉलपटू होते, तर न्यूकासल युनायटेडचे ख्यातनाम आघाडीपटू जॅकी मिलबर्न हे त्यांचे चुलतभाऊ होते. चार भावंडांत जॅक थोरले. त्यांच्या पाठचे बॉबी यांचा जन्म १९३७ चा. बॉबी यांचे कौशल्य शालेय वयातच सर्वांच्या नजरेत भरले होते. जॅक यांच्याकडून मात्र तशी अपेक्षा कोणी ठेवली नव्हती. मासेमारी आणि रानावनातील भटकंती हे त्यांचे लहानपणापासूनचे छंद होते आणि ते अखेरपर्यंत टिकले.

वयाच्या पंधराव्या वर्षी, मामा जिमी ज्या क्लबकडून खेळत होते त्या लीड्स युनायटेडकडून त्यांना चाचणीचे निमंत्रण आले. ते नाकारून जॅक वडिलांप्रमाणे खाणीत कामाला गेले. भूगर्भातील कामाचा अनुभव घेतल्यावर हे आयुष्य आपल्याला नको, असे त्यांनी ठरवले आणि अल्पावधीतच नोकरी सोडली. त्यानंतर त्यांनी पोलीस दलात भरतीसाठी अर्ज केला. परंतु मुलाखत आणि लीड्सचा चाचणी सामना एकाच दिवशी आले. त्यांनी सामना निवडला. चाचणीत निवड होऊन १९५० मध्ये ते लीड्सच्या मैदान-कर्मचारी वर्गात दाखल झाले. मैदानाची देखभाल, खेळाडूंच्या बुटांची स्वच्छता अशी कामे करत खेळ शिकण्याची ती तत्कालीन पद्धत होती.

## क्लब कारकीर्द

### सुरुवातीची वर्षे (१९५२–१९६१)

१९५२ मध्ये लीड्सने त्यांना व्यावसायिक खेळाडू म्हणून करारबद्ध केले. २५ एप्रिल १९५३ रोजी डॉनकास्टर रोव्हर्सविरुद्धच्या द्वितीय श्रेणीतील सामन्यात त्यांनी वयाच्या १७ व्या वर्षी पदार्पण केले. हा सामना १–१ असा बरोबरीत सुटला. त्यानंतर दोन वर्षे त्यांनी रॉयल हॉर्स गार्ड्स या पलटणीत सक्तीची लष्करी सेवा बजावली. परतल्यावर १९५५–५६ च्या हंगामात त्यांनी संघात स्थान मिळवले आणि त्याच हंगामात लीड्सला प्रथम श्रेणीत बढती मिळाली.

पुढील काही वर्षे क्लबसाठी आणि चार्लटन यांच्यासाठीही फारशी समाधानकारक नव्हती. १९५७ मध्ये वेल्सचे अष्टपैलू खेळाडू जॉन चार्ल्स इटलीच्या युव्हेंटसकडे गेले आणि १९६० मध्ये लीड्सची पुन्हा द्वितीय श्रेणीत घसरण झाली. या काळात चार्लटन यांची ओळख गुणी, पण बेशिस्त आणि वादावादी करणारा खेळाडू अशी होती. मात्र लिलशॉल येथील फुटबॉल असोसिएशनच्या प्रशिक्षण वर्गांना ते खेळाडू असतानाच उपस्थित राहू लागले होते. सामन्याची आखणी, बचावफळीची रचना आणि प्रशिक्षणाची पद्धत यांचा तेथे केलेला अभ्यास त्यांना पुढे व्यवस्थापक म्हणून उपयोगी पडला.

### डॉन रेव्ही यांच्या संघात (१९६१–१९७३)

मार्च १९६१ मध्ये लीड्सचे खेळाडू डॉन रेव्ही यांची व्यवस्थापकपदी नेमणूक झाली. प्रारंभी दोघांचे फारसे जमले नाही. परंतु रेव्ही यांनी तरुण खेळाडूंना संधी देऊन संघाची नव्याने उभारणी केली आणि बचावफळीची सूत्रे चार्लटन यांच्याकडे सोपवली. पॉल रीनी, नॉर्मन हंटर आणि गोलरक्षक गॅरी स्प्रेक यांच्यासह उभी राहिलेली ही फळी इंग्लंडमधील सर्वांत चिवट फळ्यांपैकी एक मानली गेली. १९६३–६४ मध्ये लीड्सने द्वितीय श्रेणीचे विजेतेपद मिळवले.

प्रथम श्रेणीतील पुनरागमनाच्या पहिल्याच हंगामात (१९६४–६५) लीड्स आणि मँचेस्टर युनायटेड यांचे गुण समान झाले. गोल सरासरीच्या आधारे विजेतेपद मँचेस्टरला मिळाले. त्याच हंगामात एफए चषकाच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलने लीड्सचा जादा वेळेत २–१ असा पराभव केला. अगदी जवळ येऊन विजेतेपद हुकणे हे या संघाचे दीर्घकाळ वैशिष्ट्यच ठरले. १९६५ ते १९७२ या काळात लीड्स पाच वेळा प्रथम श्रेणीत उपविजेता राहिला.

विजयांची मालिका १९६८ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी लीड्सने आर्सेनलला १–० असे हरवून लीग चषक जिंकला आणि हंगेरीच्या फेरेन्त्स्वारोश संघावर मात करून इंटर-सिटीज फेअर्स चषक पटकावला. १९६८–६९ मध्ये प्रथम श्रेणीचे विजेतेपद मिळाले. त्या हंगामातील ४२ सामन्यांपैकी लीड्सने फक्त दोन गमावले आणि ६७ गुणांचा तत्कालीन विक्रम नोंदवला. १९७१ मध्ये युव्हेंटसविरुद्ध प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरील गोलांच्या नियमाने दुसरा फेअर्स चषक लीड्सकडे आला. ६ मे १९७२ रोजी आर्सेनलला १–० असे नमवून लीड्सने एफए चषक जिंकला. त्या दिवशी चार्लटन यांच्या सदतिसाव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले होते.

१९६७ मध्ये फुटबॉल रायटर्स असोसिएशनने त्यांना वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार दिला. आदल्याच वर्षी हा पुरस्कार बॉबी यांना मिळाला होता.

लीड्सकडून त्यांनी लीगमध्ये ६२९ आणि सर्व स्पर्धा मिळून ७६२ सामने खेळले. हे दोन्ही क्लबचे विक्रम आहेत. १९७२–७३ च्या हंगामाअखेर ते निवृत्त झाले. मँचेस्टर युनायटेडकडून खेळणारे बॉबी हेही त्याच हंगामाअखेर त्या क्लबमधून निवृत्त झाले.

## आंतरराष्ट्रीय कारकीर्द

तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असताना, १० एप्रिल १९६५ रोजी, वेम्बली येथे स्कॉटलंडविरुद्ध चार्लटन यांनी इंग्लंडकडून पदार्पण केले. हा सामना २–२ असा बरोबरीत सुटला. बॉबी तोपर्यंत राष्ट्रीय संघाचे आधारस्तंभ बनले होते. आपली निवड का झाली, असे आपण व्यवस्थापक आल्फ रॅम्सी यांना विचारले होते, ही आठवण चार्लटन पुढे अनेकदा सांगत. आपण नेहमीच सर्वोत्तम खेळाडू निवडतो असे नाही, तर मनातील रचनेत बसणारे खेळाडू निवडतो, असे उत्तर रॅम्सी यांनी दिल्याचे ते सांगत. व्यवस्थापक झाल्यावर चार्लटन यांनी स्वतःही हेच तत्त्व अवलंबले.

मायदेशी झालेल्या १९६६ च्या विश्वचषकात ते इंग्लंडचे सर्व सहा सामने खेळले. कर्णधार बॉबी मूर हे मध्य बचावातील त्यांचे साथीदार होते. मूर चेंडूवर सहज हुकूमत ठेवून पुढे सरकत, तर चार्लटन हवेतील चेंडू परतवणे आणि मूर यांच्यामागील जागा राखणे ही कामे करत. साखळी फेरीतील तीन आणि उपांत्यपूर्व फेरीतील एक अशा पहिल्या चार सामन्यांत इंग्लंडवर एकही गोल झाला नाही. पोर्तुगालविरुद्धच्या उपांत्य सामन्यात चार्लटन यांनी हाताने चेंडू अडवल्यामुळे पेनल्टी मिळाली आणि त्यावर युझेबियो यांनी गोल केला. मात्र बॉबी यांच्या दोन गोलांच्या बळावर इंग्लंड २–१ असा विजयी झाला. या सामन्याच्या वेळी वडील रॉबर्ट अ‍ॅशिंग्टनच्या खाणीत पाळीवर होते.

३० जुलै १९६६ रोजी पश्चिम जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्यात इंग्लंड २–१ असा आघाडीवर असताना, अखेरच्या मिनिटाला पंचांनी चार्लटन यांच्याविरुद्ध फ्री किक दिली. तीवरून वोल्फगांग वेबर यांनी बरोबरी साधली. जादा वेळेत जेफ हर्स्ट यांनी दोन गोल करून सामना ४–२ असा जिंकून दिला.

त्यांचा अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना १९७० च्या विश्वचषकात मेक्सिको येथे चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध झाला. इंग्लंडकडून ३५ सामन्यांत त्यांनी ६ गोल केले.

## खेळाची शैली

उंच, सडपातळ आणि लांब मानेच्या चार्लटन यांना 'जिराफ' हे टोपणनाव पडले होते. हवेतील चेंडूवरील प्रभुत्व, नेमके हेरून केलेले टॅकल आणि सहकाऱ्यांना सतत मोठ्याने सूचना देत राहणे ही त्यांची वैशिष्ट्ये होती. चेंडू पायाशी ठेवून कौशल्य दाखवणे हे आपले काम नव्हे, अशी त्यांची स्पष्ट धारणा होती.

बचावपटू असूनही त्यांनी लीड्ससाठी बरेच गोल केले. कॉर्नर किकच्या वेळी ते थेट प्रतिस्पर्धी गोलरक्षकासमोर, गोलरेषेजवळ उभे राहत. त्यामुळे गोलरक्षकाला चेंडूपर्यंत पोहोचणे अवघड होई. या डावपेचावर त्या काळी बरीच टीका झाली. पुढे तो सर्वत्र रूढ झाला.

१९७० मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात, ज्यांच्याशी हिशेब चुकता करायचा आहे अशा खेळाडूंची नावे आपल्या 'काळ्या वहीत' आहेत, असे त्यांनी म्हटल्याने मोठा वाद झाला. फुटबॉल असोसिएशनच्या चौकशीत त्यांना दोषी धरण्यात आले नाही. अशी वही प्रत्यक्षात नव्हती, असे त्यांनी नंतर सांगितले.

## व्यवस्थापकीय कारकीर्द

### मिडल्सब्रो (१९७३–१९७७)

मे १९७३ मध्ये चार्लटन यांनी द्वितीय श्रेणीतील मिडल्सब्रोची सूत्रे हाती घेतली. हाताशी असलेल्या खेळाडूंतच त्यांनी मोजके, पण निर्णायक बदल केले. स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबचे अनुभवी मध्यरक्षक बॉबी मर्डॉक यांना त्यांनी विनामूल्य संघात आणले. तरुण ग्रॅमी सूनेस यांना मध्यफळीच्या केंद्रस्थानी खेळवले. सूनेस पुढे लिव्हरपूलचे कर्णधार झाले. वेगवान अ‍ॅलन फॉगन यांना त्यांनी मध्यफळीतून प्रतिस्पर्धी बचावफळीच्या मागील मोकळ्या जागेत धावण्याची जबाबदारी दिली. ऑफसाइडचा सापळा रचण्यासाठी पुढे सरकलेल्या बचावफळीवरचा हा उपाय होता.

पहिल्याच हंगामात (१९७३–७४) मिडल्सब्रोने द्वितीय श्रेणीचे विजेतेपद मिळवले. विजयास दोन गुण मिळत असतानाच्या त्या काळात दुसऱ्या क्रमांकाच्या संघावरील आघाडी तब्बल १५ गुणांची होती. चार्लटन यांना वर्षातील सर्वोत्तम व्यवस्थापकाचा पुरस्कार मिळाला. प्रथम श्रेणीबाहेरील व्यवस्थापकाला हा मान प्रथमच मिळत होता. त्याच हंगामात बॉबी यांच्या व्यवस्थापनाखालील प्रेस्टन नॉर्थ एंड हा संघ याच श्रेणीतून खाली घसरला. मैदानावर सरस ठरलेल्या धाकट्या भावापेक्षा थोरला भाऊ व्यवस्थापनात यशस्वी झाल्याचे उदाहरण म्हणून या योगायोगाचा उल्लेख पुढे वारंवार होत राहिला.

१९७४–७५ मध्ये मिडल्सब्रोने प्रथम श्रेणीत सातवे स्थान मिळवले. १९७७ मध्ये चार्लटन यांनी पद सोडले. त्याच वर्षी रेव्ही यांनी इंग्लंडच्या व्यवस्थापकपदाचा राजीनामा दिल्यावर चार्लटन यांनी त्या पदासाठी अर्ज केला. परंतु फुटबॉल असोसिएशनकडून त्यांना उत्तरही आले नाही. यापुढे कोणत्याही पदासाठी अर्ज करायचा नाही, असे त्यांनी तेव्हा ठरवले.

### शेफील्ड वेन्सडे (१९७७–१९८३)

ऑक्टोबर १९७७ मध्ये त्यांनी तृतीय श्रेणीच्या तळाशी असलेल्या शेफील्ड वेन्सडेचे व्यवस्थापकपद स्वीकारले. मॉरिस सेटर्स हे त्यांचे साहाय्यक होते आणि पुढे आयर्लंडच्या संघातही ते त्यांच्याबरोबर राहिले. २६ डिसेंबर १९७९ रोजी शहरातील प्रतिस्पर्धी शेफील्ड युनायटेडविरुद्ध मिळवलेला ४–० असा विजय वेन्सडेच्या चाहत्यांच्या विशेष स्मरणात आहे. या सामन्याला ४९,३०९ प्रेक्षक उपस्थित होते. त्या हंगामाअखेर संघाला द्वितीय श्रेणीत बढती मिळाली. १९८२–८३ मध्ये वेन्सडे एफए चषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचला. तेथे ब्रायटनने त्याला २–१ असे हरवले. हंगाम संपल्यावर चार्लटन यांनी पद सोडले. १९८४ च्या वसंतात त्यांनी काही काळ मिडल्सब्रोचे हंगामी व्यवस्थापक म्हणूनही काम पाहिले.

### न्यूकासल युनायटेड (१९८४–१९८५)

जून १९८४ मध्ये ते ज्या क्लबचे लहानपणापासून चाहते होते, त्या न्यूकासल युनायटेडचे व्यवस्थापक झाले. पीटर बिअर्ड्सली आणि क्रिस वॉडल यांच्यासारखे कुशल आघाडीपटू संघात होते, तर तरुण पॉल गॅस्कॉईन यांना पहिली संधी याच हंगामात मिळाली. संघ प्रथम श्रेणीत टिकून राहिला. परंतु लांब पल्ल्याच्या पासांवर आधारलेला खेळ प्रेक्षकांना रुचला नाही. १९८५ च्या उन्हाळ्यात वॉडल टॉटनहॅमकडे गेल्यावर नाराजी वाढली. हंगामपूर्व सामन्यात प्रेक्षकांनी आपल्याविरुद्ध घोषणा दिल्याचे ऐकून चार्लटन यांनी राजीनामा दिला.

## आयर्लंड प्रजासत्ताक (१९८६–१९९५)

### नियुक्ती

७ फेब्रुवारी १९८६ रोजी चार्लटन यांची आयर्लंडच्या व्यवस्थापकपदी नियुक्ती झाली. लिव्हरपूलला तीन वेळा युरोपियन चषक जिंकून देणारे बॉब पेस्ली हेही या पदासाठी चर्चेत होते. अनेक फेऱ्यांच्या मतदानानंतर आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेने चार्लटन यांची निवड केली. आयर्लंडबाहेरील व्यक्तीकडे हे पद जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

या नियुक्तीला ऐतिहासिक संदर्भ होता. आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग या देशी खेळांना राष्ट्रीय अस्मितेचे अधिष्ठान होते. गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनने 'परकीय' खेळांत भाग घेण्यावर आपल्या सदस्यांना घातलेली बंदी १९७१ पर्यंत लागू होती आणि असोसिएशन फुटबॉल हा इंग्रजांचा खेळ समजला जाई. उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र संघर्षही त्या वेळी सुरूच होता. अशा परिस्थितीत १९६६ चा इंग्लिश विश्वविजेता आयर्लंडच्या संघाचा प्रमुख झाला. वेल्सविरुद्धचा पहिलाच सामना आयर्लंडने डब्लिन येथे ०–१ असा गमावला.

### डावपेच आणि संघबांधणी

संघात चांगल्या खेळाडूंची उणीव नव्हती. लियाम ब्रेडी, पॉल मॅकग्रा, रॉनी व्हेलन, डेव्हिड ओ'लिअरी हे इंग्लंड व इटलीतील आघाडीच्या क्लबांकडून खेळलेले होते. मात्र राष्ट्रीय संघाला वर्षातून मोजकेच दिवस एकत्र सराव करता येई. मध्यफळीतून संयमाने चेंडू खेळवणाऱ्या युरोपीय संघांची नक्कल करून त्यांनाच हरवता येणार नाही, असा चार्लटन यांचा निष्कर्ष होता.

त्यांच्या योजनेच्या मुळाशी बचावपटूचा अनुभव होता. स्वतःच्या गोलकडे तोंड करून, पाठीवर प्रतिस्पर्धी असताना चेंडू खेळणे बचावपटूला सर्वांत जड जाते. म्हणून आयर्लंडचे खेळाडू चेंडू मध्यफळीत न खेळवता प्रतिस्पर्धी बाजूच्या बचावपटूंच्या मागे, मैदानाच्या कडेला असलेल्या मोकळ्या जागेत टाकत. आघाडीपटू लगेच तिकडे धाव घेत आणि पाठोपाठ मध्यफळीही पुढे सरकून दबाव आणी. प्रतिस्पर्ध्याकडून घाईत चूक झाली की, त्याच्या गोलजवळच चेंडू हाती येई. या शैलीला सौंदर्य नव्हते. पण तिच्याविरुद्ध खेळणे प्रतिस्पर्ध्यांना अतिशय त्रासदायक वाटे.

खेळाडूंची निवड करताना त्यांनी फिफाच्या पात्रता नियमाचा पुरेपूर उपयोग केला. आई-वडील किंवा आजी-आजोबा आयर्लंडमध्ये जन्मलेले असल्यास खेळाडू त्या देशाकडून खेळण्यास पात्र ठरे. यामुळे लिव्हरपूलमध्ये जन्मलेले जॉन ऑल्ड्रिज, ग्लासगोत जन्मलेले रे हाउटन असे अनेक खेळाडू संघात आले. 'आजीचा नियम' म्हणून या धोरणाची थट्टाही झाली. तथापि, पिढ्यान्‌पिढ्या रोजगारासाठी ब्रिटनमध्ये स्थलांतरित झालेल्या आयरिश समाजाचे प्रतिबिंब संघात प्रथमच एवढ्या ठळकपणे उमटले, याकडे अनेक भाष्यकारांनी लक्ष वेधले आहे.

### १९८८ ची युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा

पात्रता फेरीतील आपले सामने संपल्यावर आयर्लंडचे भवितव्य इतरांच्या निकालावर अवलंबून होते. नोव्हेंबर १९८७ मध्ये सोफिया येथे स्कॉटलंडच्या गॅरी मकाय यांनी उशिरा केलेल्या गोलमुळे बल्गेरियाचा ०–१ असा पराभव झाला आणि आयर्लंड प्रथमच मोठ्या स्पर्धेसाठी पात्र ठरला.

१२ जून १९८८ रोजी स्टुटगार्ट येथे पहिल्याच सामन्यात आयर्लंडची गाठ इंग्लंडशी पडली. सहाव्या मिनिटाला रे हाउटन यांनी हेडरवर गोल केला. गोलरक्षक पॅकी बॉनर यांनी उरलेला वेळ इंग्लंडचे हल्ले थोपवले आणि आयर्लंड १–० असा जिंकला. त्यानंतर सोव्हिएत संघाशी १–१ अशी बरोबरी झाली. नेदरलँड्सविरुद्ध ८२ व्या मिनिटाला झालेल्या गोलमुळे आयर्लंडचे आव्हान साखळीतच संपले. हेच दोन प्रतिस्पर्धी पुढे अंतिम सामन्यात एकमेकांविरुद्ध खेळले.

### १९९० चा विश्वचषक

इटलीत झालेली ही स्पर्धा आयर्लंडची पहिली विश्वचषक स्पर्धा होती. साखळी फेरीत इंग्लंडशी १–१, इजिप्तशी ०–० आणि नेदरलँड्सशी १–१ अशा तीन बरोबरी झाल्या. आयर्लंड व नेदरलँड्स यांची कामगिरी सर्व निकषांवर समान ठरल्याने चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या आणि आयर्लंडला गटात दुसरे स्थान मिळाले.

२५ जून रोजी जेनोवा येथे रोमानियाविरुद्धचा सामना जादा वेळेनंतरही गोलशून्य राहिला. पेनल्टी शूटआउटमध्ये बॉनर यांनी डॅनिएल तिमोफ्ते यांचा फटका अडवला. निर्णायक पाचवी पेनल्टी डेव्हिड ओ'लिअरी यांनी घेतली. चार्लटन यांच्याशी झालेल्या मतभेदांमुळे ते दीर्घकाळ संघाबाहेर राहिले होते. त्यांनी गोल करताच आयर्लंड उपांत्यपूर्व फेरीत दाखल झाला. ३० जून रोजी रोम येथे यजमान इटलीने साल्वातोरे स्किलाची यांच्या गोलमुळे १–० असा विजय मिळवला.

पाच सामन्यांत दोन गोल आणि नियमित वा जादा वेळेत एकही विजय नाही, अशी ही आकडेवारी आहे. तरीही विश्वचषकातील आयर्लंडची ही आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे. संघ परतला तेव्हा डब्लिनच्या रस्त्यांवर स्वागतासाठी सुमारे ५ लाख लोक जमल्याचा तत्कालीन अंदाज होता. १९८० च्या दशकातील बेकारी आणि स्थलांतर यांनी ग्रासलेल्या देशात या स्पर्धेने निर्माण केलेल्या सामूहिक उत्साहाचा उल्लेख आयर्लंडच्या आधुनिक सामाजिक इतिहासात आवर्जून केला जातो.

### १९९४ चा विश्वचषक

१९९२ च्या युरोपीय स्पर्धेच्या पात्रता फेरीत अपराजित राहूनही आयर्लंड गटात इंग्लंडच्या मागे राहिला. १९९४ च्या पात्रतेचा अखेरचा सामना १७ नोव्हेंबर १९९३ रोजी बेलफास्ट येथे उत्तर आयर्लंडशी झाला. आदल्याच महिन्यातील हत्याकांडांमुळे शहरातील वातावरण अत्यंत तणावपूर्ण होते. अ‍ॅलन मक्लॉक्लिन यांच्या गोलमुळे सामना १–१ असा सुटला. गुण आणि गोलफरक समान असलेल्या डेन्मार्कपेक्षा अधिक गोल केल्याच्या निकषावर आयर्लंड पात्र ठरला.

१८ जून १९९४ रोजी न्यूयॉर्क शहरालगतच्या जायंट्स स्टेडियमवर हाउटन यांच्या गोलमुळे आयर्लंडने इटलीला १–० असे हरवले. या सामन्यातील मॅकग्रा यांच्या बचावाची गणना आयरिश फुटबॉलमधील सर्वोत्कृष्ट वैयक्तिक कामगिऱ्यांत होते. ऑर्लँडोच्या कडक उन्हात मेक्सिकोकडून १–२ असा पराभव झाला. बदली खेळाडू ऑल्ड्रिज यांना मैदानात सोडण्यास झालेल्या विलंबावरून चार्लटन यांनी अधिकाऱ्यांशी हुज्जत घातली. त्याबद्दल फिफाने त्यांना दंड केला आणि पुढील सामन्यात मैदानालगत थांबण्यास मनाई केली. नॉर्वेशी गोलशून्य बरोबरी साधून संघ बाद फेरीत गेला. तेथे नेदरलँड्सने त्याला २–० असे पराभूत केले.

### अखेर

१९९६ च्या युरोपीय स्पर्धेची पात्रता फेरी उतरणीची ठरली. जून १९९५ मध्ये लिश्टेनस्टाइनविरुद्ध गोलशून्य बरोबरी झाली आणि ऑस्ट्रियाने आयर्लंडला दोन वेळा ३–१ असे हरवले. १३ डिसेंबर १९९५ रोजी लिव्हरपूल येथील अ‍ॅनफिल्ड मैदानावर झालेल्या निर्णायक सामन्यात पॅट्रिक क्लुइव्हर्ट यांच्या दोन गोलांनी नेदरलँड्सला विजय मिळवून दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत चार्लटन यांनी पद सोडले आणि पुन्हा कोणत्याही संघाचे व्यवस्थापन केले नाही. १९९० च्या विश्वचषकातील त्यांचे कर्णधार मिक मॅकार्थी हे त्यांचे उत्तराधिकारी झाले.

## टीका व मूल्यमापन

चार्लटन यांच्या शैलीवर आयर्लंडमध्येही कठोर टीका झाली. माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू व पत्रकार एमन डन्फी यांनी, विशेषतः १९९० मधील इजिप्तविरुद्धच्या सामन्यानंतर, हाती असलेल्या प्रतिभेचा असा वापर करणे हा खेळाचा अवमान असल्याची भूमिका घेतली. देशातील सर्वांत कलात्मक मध्यरक्षक लियाम ब्रेडी यांना या रचनेत जागा उरली नाही. सप्टेंबर १९८९ मध्ये पश्चिम जर्मनीविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात पूर्वार्धातच बाहेर बोलावल्यानंतर ब्रेडी यांनी आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती जाहीर केली.

समर्थकांचा युक्तिवाद निकालांवर आधारलेला आहे. चार्लटन यांच्यापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ प्रयत्न करूनही आयर्लंडला विश्वचषकाची मुख्य फेरी गाठता आली नव्हती. ऑगस्ट १९९३ मध्ये संघ फिफाच्या क्रमवारीत सहाव्या स्थानी पोहोचला. प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रातच दबाव आणून चेंडू परत मिळवणे हा त्यांच्या योजनेचा भाग पुढील काळात युरोपातील अनेक आघाडीच्या संघांनी निराळ्या, अधिक कौशल्यपूर्ण स्वरूपात स्वीकारला.

खेळाडूंशी असलेल्या त्यांच्या संबंधांचे उदाहरण म्हणून पॉल मॅकग्रा यांचा उल्लेख होतो. गुडघ्यांच्या दुखापती आणि मद्यपानाची समस्या यांच्याशी झगडणाऱ्या मॅकग्रा यांना चार्लटन यांनी सांभाळून घेतले आणि त्यांच्यावर विश्वास ठेवला. मॅकग्रा यांनी याबद्दलची कृतज्ञता जाहीरपणे व्यक्त केली आहे.

## वैयक्तिक जीवन

१९५८ मध्ये चार्लटन यांचा पॅट केम्प यांच्याशी विवाह झाला. त्यांना तीन अपत्ये झाली. कामगार चळवळीशी त्यांचे नाते कायम राहिले. १९८४–८५ च्या खाणकामगार संपाला त्यांनी पाठिंबा दिला होता. वंशवादविरोधी चळवळीतील अँटी-नाझी लीगचेही ते समर्थक होते.

बंधू बॉबी यांच्याशी त्यांचे संबंध कौटुंबिक कारणांवरून अनेक वर्षे दुरावले होते आणि त्याची जाहीर चर्चाही झाली. २००८ मध्ये बीबीसीच्या समारंभात बॉबी यांना जीवनगौरव पुरस्कार जॅक यांच्याच हस्ते देण्यात आला.

## अखेरची वर्षे आणि निधन

उत्तरायुष्यात चार्लटन यांना स्मृतिभ्रंश आणि लिम्फोमा हे आजार जडले. १० जुलै २०२० रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी नॉर्थम्बरलँडमधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रा अ‍ॅशिंग्टनमधून गेली तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते. त्याच वर्षी त्यांच्या आयर्लंडमधील कारकिर्दीवरील व स्मृतिभ्रंशाशी झालेल्या झुंजीवरील 'फाइंडिंग जॅक चार्लटन' हा माहितीपट प्रदर्शित झाला.

१९६६ च्या विश्वविजेत्या संघातील रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स आणि बॉबी चार्लटन यांनाही स्मृतिभ्रंश झाला होता. त्यामुळे चेंडू वारंवार डोक्याने मारण्याचे मेंदूवर होणारे परिणाम हा ब्रिटनमध्ये सार्वजनिक चर्चेचा विषय बनला. ग्लासगो विद्यापीठाच्या २०१९ मधील अभ्यासात, माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा मेंदूच्या ऱ्हासाशी संबंधित आजारांनी मृत्यू होण्याचे प्रमाण सामान्य लोकसंख्येच्या सुमारे साडेतीन पट असल्याचे आढळले. याच संशोधकांच्या २०२१ मधील अभ्यासानुसार हा धोका बचावपटूंमध्ये सर्वाधिक आहे. एखाद्या विशिष्ट व्यक्तीच्या आजाराचे कारण अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. मात्र लहान मुलांच्या सरावात हेडरवर मर्यादा घालण्याच्या निर्णयांना या संशोधनाने बळ दिले.

## सन्मान

* १९६७ – फुटबॉल रायटर्स असोसिएशनचा वर्षातील सर्वोत्तम खेळाडू
* १९७४ – ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर (ओबीई). वर्षातील सर्वोत्तम व्यवस्थापक
* १९९४ – डब्लिन शहराचे मानद नागरिकत्व
* १९९६ – आयर्लंडचे मानद नागरिकत्व
* २००५ – इंग्लिश फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश

आयर्लंडमधील कॉर्क विमानतळावर त्यांचा पुतळा आहे. त्यात ते गळाने मासे पकडणाऱ्याच्या वेशात दाखवले आहेत.

## कारकिर्दीचा गोषवारा

खेळाडू

* लीड्स युनायटेड (१९५२–१९७३): प्रथम श्रेणी विजेतेपद १९६८–६९, द्वितीय श्रेणी विजेतेपद १९६३–६४, एफए चषक १९७२, लीग चषक १९६८, इंटर-सिटीज फेअर्स चषक १९६८ व १९७१
* इंग्लंड (१९६५–१९७०): ३५ सामने, ६ गोल, विश्वचषक १९६६

व्यवस्थापक

* मिडल्सब्रो (१९७३–१९७७, १९८४ मध्ये हंगामी): द्वितीय श्रेणी विजेतेपद १९७३–७४
* शेफील्ड वेन्सडे (१९७७–१९८३): तृतीय श्रेणीतून बढती १९७९–८०
* न्यूकासल युनायटेड (१९८४–१९८५)
* आयर्लंड प्रजासत्ताक (१९८६–१९९५): युरोपीय अजिंक्यपद १९८८ – साखळी फेरी, विश्वचषक १९९० – उपांत्यपूर्व फेरी, विश्वचषक १९९४ – बाद फेरीतील अंतिम सोळा संघ